माझं वेळेवरचं आमेन
आजचं वाचन, १ करिंथ १४:१६. आभारप्रार्थना कळलीच नाही तर ऐकणारा आमेन कसं म्हणणार, असं पौल विचारतो. रविवारी आमच्या वर्ध्याच्या चर्चमध्ये माझं आमेन अगदी वेळेवर आलं. लक्ष मात्र ऑफिसच्या मेसेजमध्ये!

मग रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. १८६१ मध्ये कोकणात जन्मलेला हा कवी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्या होकारापायी लक्ष्मीबाईंशी काही वर्षं ताटातूट झाली. पुढे अहमदनगरला मराठी वळणाची भक्तिगीतं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. कीर्तनात ध्रुपद मंडळीच उचलते, म्हणजे प्रतिसाद आपल्या भाषेत, आपल्या चालीत. १९१९ मध्ये ते गेले. त्यांची गीतं आई पुस्तक न उघडता म्हणते. मला दुसऱ्या कडव्यालाच पुस्तक लागतं.