राजीनामा मागितला म्हणून कोठडी

६ नोव्हेंबर १७१७ रोजी जर्मनीतल्या वायमार संस्थानात एका दरबारी नोकराला अटक झाली. त्याने चोरी केली नव्हती की धन्याच्या जिवावर उठला नव्हता. मला नोकरीतून मोकळं करा, असा हट्ट धरला, एवढाच त्याचा गुन्हा. या नोकराचं नाव योहान सेबास्टियन बाख. पाश्चात्त्य संगीताचा इतिहास ज्याच्याशिवाय पुरा होत नाही, तो हा माणूस तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. घरी बायको आणि चार लेकरं होती.

माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली. राजीनाम्याचे अर्ज पुष्कळ पाहिले. तीन महिन्यांची नोटीस, तिच्याऐवजी पगार कापायचा की रजा वळती करायची, यावरून चाललेली रस्सीखेचही पाहिली. त्यामुळे बाखचं चरित्र हाती आलं तेव्हा संगीताआधी माझी नजर गेली ती त्याच्या नोकरीच्या कागदपत्रांवर. ती विपुल आहेत. त्याची खासगी पत्रं मोजकीच उरली. त्याच्याविषयी आपल्याला खात्रीने जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं मालकांच्या दप्तरातून आलेलं आहे. नेमणुका, पगाराच्या नोंदी, ताशेरे!

१६८५ साली आयझेनाख गावी वादकांच्या घराण्यात तो जन्मला. दहा वर्षांचा होण्याआधीच आईवडील गेले, थोरल्या भावाने सांभाळलं. अठराव्या वर्षी आर्नश्टाटच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक झाला. १७०५ मध्ये त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि बुक्स्टेहूड या बुजुर्ग वादकाला ऐकायला ल्यूबेकला गेला. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. सांगतात की तो पायी गेला. परतला तो जवळजवळ चार महिन्यांनी! चर्चच्या अधिकाऱ्यांनी जाब विचारला, हे साहजिकच होतं. मी मॅनेजर असतो तर मीही मेमो काढला असता.

पुढची नोकरी म्यूलहाउझेनची. ती त्याने वर्षभरात, १७०८ मध्ये सोडली. तिथल्या नगरसभेने मात्र सुरू असलेल्या ऑर्गनच्या दुरुस्तीत मदत करावी, एवढं मागून त्याला सुखाने जाऊ दिलं. असेही मालक असतात.

वायमारचं प्रकरण वेगळं. तिथे गादीवर काका आणि पुतण्या असे दोन ड्यूक होते आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. सत्ता खरी काका विल्हेल्म एर्न्स्टची. पुतण्याच्या वाड्यात वाजवायला दरबारी वादकांना त्याची मनाई होती. बाखची ऊठबस मात्र पुतण्याकडे. १७१६ च्या डिसेंबरात दरबारचा मुख्य संगीतकार वारला. ती जागा आपल्याला मिळेल, असं बाखला वाटलं असणार. मिळाली मृताच्या मुलाला. अशा वेळी कोथेनचा तरुण राजा लिओपोल्ड याने मुख्य संगीतकाराचं पद देऊ केलं. हा लिओपोल्ड म्हणजे पुतण्याचा मेहुणा. काकाला ते किती झोंबलं असेल!

बाख अगदी धुतल्या तांदळासारखा होता, असं मात्र नाही. कोथेनच्या हिशेबात त्याचा पगार ऑगस्ट १७१७ पासून धरलेला दिसतो आणि वायमारची चाकरी तर सुटलेली नव्हती. आजच्या कुठल्याही कंपनीत यावरून नोटीस आली असती. पण त्या काळी चाकराच्या हाती नोटीस नावाची वस्तूच नव्हती. जाण्याची परवानगी मागायची. द्यायची की नाही, ही धन्याची मर्जी. जवळजवळ चार आठवडे तो कोठडीत होता. तिथेही त्याने संगीतरचना केली असं परंपरा सांगते. अखेर २ डिसेंबरला सुटका झाली ती नाराजीचा शेरा मारून, बडतर्फीसह. नऊ वर्षांच्या सेवेचा हा दाखला!

कोथेनची वर्षं बरी गेली, पण १७२० मध्ये बाख राजाबरोबर परगावी असताना बायको वारली. परतला तेव्हा तिचं दफन झालेलं होतं. दीड वर्षाने त्याने आना माग्डालेना या गायिकेशी लग्न केलं. १७२३ मध्ये तो लाइपझिगला गेला. महापौरांच्या परवानगीशिवाय गाव सोडणार नाही, असं तिथे लिहून द्यावं लागलं. नगरसभेशी खटके उडतच राहिले. १७३० मध्ये त्याने बाळपणीच्या मित्राला पत्र लिहून दुसरीकडे कुठे जागा मिळेल का, असं विचारलं. जागा मिळाली नाही. पोरांची शिक्षणं, घरखर्च, वय... पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचा राजीनामा खिशातच का राहतो, हे काय सांगायला हवं?

१७४९ च्या जूनमध्ये त्याची प्रकृती ढासळली होती. तो हयात असतानाच लाइपझिगमध्ये त्याच्या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची चाचणी घेतली गेली. बाख त्यानंतरही वर्षभर जगला आणि त्या पदावरच २८ जुलै १७५० रोजी वारला. विधवेला रिवाजाप्रमाणे सहा महिन्यांचं वेतन मंजूर झालं. नगरसभेने जुनी वही काढली आणि सत्तावीस वर्षांपूर्वी, रुजू होताना, त्याला जास्तीची गेलेली रक्कम त्यातून कापून घेतली.