रेव्हरंड विल्यम ग्रेगर

मांडवी नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवून त्यास चिकटणारे काळे कण न्याहाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हे चरित्र विशेष रुचेल, असे आम्हांस वाटते.

विल्यम ग्रेगर यांचा जन्म इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात १७६१ साली नाताळच्या दिवशी झाला. केंब्रिज येथे अध्ययन करून ते धर्मोपदेशक झाले. चित्रकला व संगीत यांतही त्यांस गती होती. मॅनॅकन खेड्याच्या ओढ्यातील काळी, चुंबकास चिकटणारी रेती त्यांनी स्वतः तपासली. तीत लोह निघाले. परंतु सुमारे ४५ टक्के भाग कोणत्याही ज्ञात पदार्थाशी जुळेना. गंधकाम्लात त्याचा पिवळा द्रव होई, आणि जस्त टाकताच तो जांभळा होई. हा नवा धातू असावा, हा तर्क त्यांनी १७९१ साली मोठ्या संकोचाने प्रसिद्ध केला.

१७९५ साली बर्लिनच्या क्लाप्रोट यांस तोच धातू दुसऱ्या खनिजात आढळला. ग्रीक पुराणांतील टायटनांवरून त्यांनी त्यास टायटॅनियम म्हटले. ग्रेगर यांनी गावावरून दिलेले नाव मागे पडले. तथापि पहिला शोध त्यांचाच, हे क्लाप्रोट यांनी ती रेती पडताळून मान्य केले. असा प्रांजळपणा विद्वानांतही विरळा!

ग्रेगर १८१७ साली क्षयाने निवर्तले. शुद्ध टायटॅनियम त्यांच्या दृष्टीस पडले नाही. ते हंटर यांनी अमेरिकेत १९१० साली सिद्ध केले. पोलादासारखा बळकट, पण वजनाने त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक, आणि खाऱ्या पाण्यातही न गंजणारा हा धातू आज विमानांच्या इंजिनांत, अंतराळयानांत व मोडलेली हाडे सांधण्यात उपयोगी पडतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या रेतीत त्याचे खनिज आहे, आणि आमच्या जुन्नरच्या काळ्या पाषाणातही त्याचा थोडा अंश असतोच.