शाहीर पठ्ठे बापूराव

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. आजवर न्यायाधीश झाले, वैद्य झाले, कीर्तनकार आणि संस्कृत पंडितही झाले. शाहीर मात्र कोणी झाल्याचे मला स्मरत नाही. यंदा मजकडे लेख मागण्यात आला तेव्हा मी श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचे नाव सुचविले. हे कोण, असा प्रश्न आला. पठ्ठे बापूराव, असे म्हणताच ओळख पटली, आणि मग क्षणभर कोणी बोलेना. त्या न बोलण्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

श्रीधरपंतांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. घराणे कुलकर्ण्यांचे, मुलाने चार बुके शिकावीत आणि दप्तर सांभाळावे, हीच घरच्यांची अपेक्षा असणार. परंतु लहानपणीच आईबापांचे छत्र हरपले व शिक्षण अर्धवट राहिले. पहाटेच्या वेळी जात्यावर बसलेल्या बायांच्या ओव्या हीच त्यांची छंदशास्त्राची पहिली शाळा. त्या चाली कानात साठवून ते स्वतः पदे रचू लागले आणि पाहता पाहता ढोलकी व तुणतुण्याने त्यांचे मन वेधून घेतले.

ब्राह्मणाने लावणी रचणे ही काही तेव्हा नवी गोष्ट नव्हती. पेशवाईत अनंतफंदी होऊन गेले, सोलापूरचे रामजोशी होऊन गेले. परंतु रामजोशी उत्तरवयात पुन्हा कीर्तनाकडे वळले, आणि ज्ञातीने त्यांना मानाने आपले म्हटले. बापूराव परतले नाहीत. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातील कलावंतांसमवेत ते राहिले, त्यांच्या पंक्तीस जेवले, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बोर्डावर उभे राहिले. ही गोष्ट त्यांनी लपविली तर नाहीच, उलट आपले सोवळे व कुळकर्ण बाजूस ठेवल्याचे आपल्या कवनांतून उघडपणे गाऊन सांगितले. ज्ञातीला हे मानवले नाही. लावणी क्षम्य होती, पंगत क्षम्य नव्हती!

तमाशाचा जो घाट आपण पाहतो तो त्या पिढीत पक्का होत होता. आरंभी गण, मग कृष्ण, पेंद्या व मावशी यांची गौळण, नंतर बतावणी आणि शेवटी वग, असा तो क्रम. सावळजचे उमा बाबाजी यांनी १८६५ मध्ये मोहना-बटाव हा पहिला वग रचला असे मानतात. म्हणजे वग आणि बापूराव जवळजवळ एकाच वयाचे. बापूरावांचा मिठाराणीचा वग फार गाजला. गणापासून भेदिकापर्यंत आणि शृंगारापासून वैराग्यापर्यंत त्यांची वाणी सारख्याच सहजतेने चाले. मुंबई शहरावरील त्यांची लावणी तर त्या नगरीचा चालताबोलता नकाशाच आहे. आपण दोन लाख लावण्या केल्या, असे ते स्वतःच सांगून गेले आहेत. जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविल्यामुळे मी हिशेब मांडून पाहिला: पन्नास वर्षे धरली तरी रोजच्या अकरा भरतात. शाहिराचा हिशेब मास्तराने तपासू नये, हेच खरे.

त्यांच्या कीर्तीत निम्मा वाटा पवळाबाईंचा आहे. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे त्यांचे गाव. त्यापूर्वी तमाशात स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. तमाशाच्या बोर्डावर नाचणारी पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचे नाव घेतले जाते. त्यांच्या रूपाची वर्णने पुष्कळ झाली आहेत, म्हणून ती येथे देत नाही. परंतु शब्द कितीही रसाळ असला तरी पायांतील चाळांनी तो उचलल्यावाचून लावणी उभी राहत नाही. रचणाऱ्याचे नाव आपण घेतो. नाचणारीचे घेताना जीभ अडखळते. ती दोघे एकत्र राहिली, एकत्र गावोगाव फिरली. मुंबईस घाटावरून पोटासाठी आलेला कामगार त्यांच्या तमाशाला लोटत असे. त्याला त्या गाण्यात आपल्या गावची जत्रा भेटत होती.

येथे स्वतःविषयी एक कबुली देतो. मी विद्यार्थी असताना जत्रेत रात्री तमाशाला गेलेल्या पोरास सकाळी छडी मिळे. मीही एकदा ती खाल्ली आहे. पुढे मास्तर झाल्यावर तीच छडी मी उगारली, आणि फळ्यावर मात्र शाहिरी वाङ्मयाची वैशिष्ट्ये लिहून दिली. ती वैशिष्ट्ये मी जेथे ऐकली होती ते ठिकाण वर्गात सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

बापूरावांनी पैसा उदंड मिळविला, पण तो हातात राहिला नाही. फड मोडला, वय झाले, सोबतची माणसे पांगली. १९३९ मध्ये पवळाबाई निवर्तल्या. अखेरचे दिवस बापूरावांनी पुण्यात अत्यंत हलाखीत काढले आणि तेथेच २२ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचा अंत झाला.

पुढे १९५० मध्ये राजा नेने यांनी पठ्ठे बापूराव याच नावाचा बोलपट काढला. ज्या घरांतील मंडळी बापूरावांच्या तमाशाच्या तंबूकडे पाहतही नसत, त्यांच्यापैकी कित्येकांनी तो चित्रपट सहकुटुंब, तिकीट काढून पाहिला.