सर्पगंधेचे वकील : डॉ. रुस्तम जाल वकील

अबुधाबी, दुबई किंवा शारजातील दवाखान्यात परिचारिका दंडाला पट्टा गुंडाळते, पट्ट्यात हवा भरली जाते आणि मिनिटभरात दोन आकडे पडद्यावर उमटतात. चाळिशी ओलांडलेल्या अनेक मराठी घरांत हे आकडे पगाराच्या आकड्याइतकेच पाठ असतात. ते वाढलेले असले, तर डॉक्टर गोळी लिहून देतात आणि रुग्ण फारसा विचार न करता ती घेऊ लागतो. रक्तदाबावर एक साधी, परवडणारी गोळी असू शकते, हे मात्र पंचाहत्तर वर्षांपूर्वी जगातील बहुतेक डॉक्टरांच्या गावीही नव्हते. ते त्यांच्या लक्षात आणून देण्यात मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा वाटा मोठा आहे.

वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी वैद्यकाचे उच्च शिक्षण घेतले. तेथेच राहून नाव कमावता आले असते. पण १९३८ साली ते मुंबईस परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडले गेले. ती मुंबई केवळ महाराष्ट्राचेच महानगर नव्हती. आजच्या संयुक्त अरब अमिरातीचा किनारा तेव्हा ब्रिटिश संरक्षणाखाली होता, व्यवहारात भारतीय रुपया चाले, आणि देऱ्यातील अल मक्तूम रुग्णालय उभे राहण्यास १९५०चे दशक उजाडावे लागले. त्या किनाऱ्यावरचा गंभीर आजारी माणूस, ऐपत असल्यास, बोटीने मुंबई गाठत असे.

रक्तदाबाच्या बाबतीत मात्र मुंबई आणि वॉशिंग्टन सारखेच हतबल होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने कोसळले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका मोजला गेला. तो काही वर्षे चढत चालल्याचे डॉक्टरांना दिसत होते, उपाय नव्हता. मिठाविना भाताचा कडक आहार, विषारी ठरू शकणारी थायोसायनेटची औषधे, किंवा पाठीतील मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया, एवढेच पर्याय. शिवाय अनेक नामांकित डॉक्टरांना हा दाब कमी करू नये असेच वाटे. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला वाढीव दाब आवश्यकच आहे, ही समजूत 'इसेन्शियल हायपरटेन्शन' या नावातच रुतून बसली होती.

रक्तवाहिनी म्हणजे निर्जीव नळी नव्हे. हृदयातून निघालेली धमनी फुटत फुटत केसाहून बारीक होत जाते, आणि या लहान धमनिकांच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सुटले की ही कडी आवळतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहाला होणारा अवरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून धमनिका किंचितच आवळल्या तरी दाब झपाट्याने चढतो. आणि त्या किंचित सैल करता आल्या, तर तो तितक्याच ठळकपणे उतरावा.

तशा सैल करणारी वस्तू भारतात शतकानुशतके उपलब्ध होती. सर्पगंधेचे मूळ वैद्य सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर देत. बिहारकडे तिला वेड्याचे औषध म्हणूनच ओळखत. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापाच्या विषावरील मुळांचे वर्णन आहे. त्यांत सर्पगंधा असावी, असे अभ्यासक मानतात. वनस्पतिशास्त्राने तिला जे नाव दिले, ते मात्र लेओनहार्ट राउव्होल्फ या जर्मन वैद्याचे. हा गृहस्थ अलेप्पो आणि बगदादपर्यंत आला होता, अरबांच्या कॉफीपानाचे वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपीयांत त्याची गणना होते. भारतात तो कधी आलाच नाही.

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे आधुनिक वैद्यकाच्या भाषेत प्रथम नोंदवले, ते कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी, १९३१ साली. त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातून रासायनिक द्रव्ये वेगळी केली. भारतातील डॉक्टर या गोळ्या वापरूही लागले. तरी परदेशात कोणी दखल घेतली नाही. ही उपेक्षा नुसत्या तुच्छतेतून आलेली नव्हती. अनुभव पुष्कळ होता, पण किती रुग्ण, आधीचा दाब किती, नंतरचा किती, हे संशयी वाचकासमोर सलग मांडलेले नव्हते. आणि जे होते, ते युरोप-अमेरिकेत न पोहोचणाऱ्या नियतकालिकांत पडून होते.

वकील यांनी नेमकी तीच उणीव भरून काढली. काही वर्षे सर्पगंधा वापरून पाहिल्यावर त्यांनी उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले, त्यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या, आणि निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या प्रतिष्ठित नियतकालिकात १९४९ साली प्रसिद्ध केले. आजच्या निकषांनी ही चाचणी तोकडी म्हणावी लागेल. तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा स्वतंत्र गट तीत नव्हता. तथापि मूळ कोणाचे, परंपरा किती जुनी, याचा अभिनिवेश न धरता वकील यांनी फक्त दाबाचे आकडे पुढे ठेवले, आणि ते कोणालाही पडताळून पाहता येण्याजोगे होते.

पडताळले गेलेही. बोस्टनमधील रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांना दिल्या आणि वकील यांचे म्हणणे खरे असल्याचे सांगितले. १९५२ साली बाझेल येथील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातील प्रभावी द्रव्य वेगळे करून त्याला रेसरपीन हे नाव दिले. न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी तेच औषध मनोविकारांवर वापरले. १९५७ साली वैद्यकातील मानाचा लास्कर पुरस्कार क्लाइन यांच्यासह काही जणांना विभागून मिळाला. रक्तदाबावरील कामासाठी त्यांत वकील होते. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

हे मूळ रक्तवाहिनीत नेमके काय करते, हे वकील यांना १९४९ साली कळण्याचा मार्ग नव्हता. ते उलगडले नंतरच्या दशकात, आणि गोष्ट मोठी विलक्षण निघाली. रेसरपीन धमनिकेच्या स्नायूला थेट काही करत नाही. ते मज्जातंतूच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म कोठारांची वाट अडवते. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन कोठारात साठू शकत नाही, बाहेरच नष्ट होते, आणि काही दिवसांत कोठार रिकामे पडते. मेंदूकडून आज्ञा येत राहते, पण स्नायूपर्यंत पोहोचवायला निरोप्याच उरत नाही. सर्पगंधेचा गुण लगेच न येता हळूहळू येतो, हा वैद्यांचा जुना अनुभव येथे उकलतो. याच रिकाम्या कोठारांचा अभ्यास करताना स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांना मेंदूतील डोपामिनचे महत्त्व उमगले. पार्किन्सनच्या उपचारांचा पाया त्यातून घातला गेला आणि २०००चे नोबेल त्यांना मिळाले.

ही कोठारे मेंदूतही असतात, आणि औषधाची काळी बाजू तेथून सुरू होते. मोठ्या मात्रेत रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आले. ज्या मुळाने अस्वस्थ मन शांत होते, तेच प्रमाण सुटले की मनाचा उत्साहच शोषून घेते. पाश्चात्त्य डॉक्टरांनी आरंभी मात्रा फार चढ्या दिल्या, हे खरे. पण तेवढ्याने दोष संपत नाही.

तरीही रक्तवाहिन्यांच्या इतिहासात रेसरपीनचे एक ऋण मान्य करावेच लागते. दाब उतरवल्याने माणसे वाचतात का, या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर अमेरिकेत माजी सैनिकांवर एडवर्ड फ्राइस यांनी केलेल्या चाचणीतून १९६७ साली मिळाले. १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना औषधे दिली, निम्म्यांना खोट्या गोळ्या. खोट्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना पक्षाघात, हृदयविकार यांसारखे गंभीर आघात झाले. औषधांच्या गटात केवळ दोघांना. त्या तीन औषधांपैकी एक रेसरपीन होते. दाब 'आवश्यक' असल्याची समजूत त्या दिवसापासून मोडीत निघाली.

वकील यांचे काम सर्पगंधेपाशी थांबले नाही. हृदयविकाराच्या झटक्याआधी छातीत येणाऱ्या इशारावजा कळांवर त्यांनी १९६१ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात लिहिले. गोलवाला यांच्यासह लिहिलेले त्यांचे 'फिजिकल डायग्नोसिस' हे पुस्तक तर भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरले. आखातात काम करणाऱ्या अनेक भारतीय डॉक्टरांनी रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवण्याची रीत त्याच पुस्तकातून गिरवली असेल.

१९७४च्या सप्टेंबरात 'लॅन्सेट' या नियतकालिकाने रेसरपीनचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याची शंका मांडली. औषधाची मागणी कोसळली. त्याच वर्षी वकील यांचे निधन झाले. वय अवघे त्रेसष्ट. पुढील अभ्यासांत ती शंका टिकली नाही. पण तोवर बाजारात नवी औषधे आली होती, आणि डॉक्टरांनी रेसरपीनकडे परत वळण्याचे फारसे कारण उरले नव्हते.