विश्लेषण : आइनस्टाइन यांनी शस्त्रक्रिया का नाकारली?

अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या मेंदूची चर्चा आजही होते. मृत्यू मात्र पोटातील महाधमनी फुटून झाला. सापेक्षतावादाचे जनक, १९२१च्या नोबेलचे मानकरी आणि नाझींमुळे १९३३मध्ये जर्मनी सोडून प्रिन्स्टनला स्थायिक झालेले आइनस्टाइन पोटदुखीने वर्षानुवर्षे त्रस्त होते. पाइप ओढण्याची सवयही जुनीच, आणि धूम्रपान हा या आजारातला मोठा धोका.

नेमके काय झाले होते?

पोटातील महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. तिची भिंत कमकुवत झाली की ती फुगत जाते; हाच अ‍ॅन्युरिझम. डिसेंबर १९४८मध्ये ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचे पोट उघडले, तेव्हा फुगा लहान पपनसाएवढा होता. निसेन हेही जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू. फुगा कापून तेथे दुसरी नळी जोडण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. त्यांनी तो चक्क सेलोफेनच्या कागदात गुंडाळला. सेलोफेनने दाह होतो, भोवती जाड आवरण धरते आणि भिंतीला आधार मिळतो. उपाय तात्पुरताच होता, तरी आइनस्टाइन आणखी सहा वर्षे जगले.

१९५५मध्ये वेगळे काय होते?

मधल्या काळात, १९५१मध्ये, पॅरिसच्या शार्ल द्युबोस्त यांनी असा फुगा काढून तेथे मृत व्यक्तीची धमनी जोडली होती. एप्रिल १९५५मध्ये आइनस्टाइन यांचे दुखणे उफाळले. लक्षणे पित्ताशयाच्या सुजेसारखी होती. न्यूयॉर्कचे शल्यविशारद फ्रँक ग्लेन यांनी शस्त्रक्रिया सुचवली. ७६ वर्षांच्या आइनस्टाइन यांनी ती नाकारली. कृत्रिमरीत्या आयुष्य लांबवणे त्यांना पटत नव्हते. रुग्णालयातही चष्मा आणि कागद मागवून त्यांनी काम सुरू ठेवले. १८ एप्रिलच्या पहाटे त्यांचे निधन झाले. धमनी फुटल्याचे शवविच्छेदनात स्पष्ट झाले.

आज काय करता येते?

पुरुषांमध्ये फुगा साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे गेला की सहसा शस्त्रक्रियेचा विचार होतो. पोट उघडून डॅक्रॉनची नळी शिवतात किंवा जांघेतून स्टेंट सरकवतात. ही दुसरी पद्धत अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी १९९०मध्ये प्रथम वापरली. फार मोठ्या फुग्यात मात्र स्टेंट घट्ट बसण्यासाठी लागणारा धमनीचा निरोगी भाग अनेकदा आखूड किंवा वाकडा असतो. मग अनेकदा पोट उघडावे लागते.

साध्या सोनोग्राफीत हा फुगा दिसतो. रत्नागिरीहून मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. तो फुटल्यावर बहुतेकांकडे तेवढा वेळ उरत नाही.