अलेक्झांडर जॉन फोर्सिथ

रेव्हरंड अलेक्झांडर जॉन फोर्सिथ (जन्म : २८ डिसेंबर १७६८, मृत्यू : ११ जून १८४३) हे स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक व संशोधक होते. बंदुकीतील दारू ठिणगीऐवजी आघाताने पेटवण्याची पद्धत त्यांनी प्रथम व्यवहारात आणली. आधुनिक काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरचे मूळ या पद्धतीत आहे. जुन्या लष्करी काडतुसांमुळे बंदुकीच्या नळीला गंज चढतो, त्याचे कारणही त्यांनी वापरलेल्या रसायनापर्यंत मागे नेता येते.

पूर्वायुष्य

फोर्सिथ यांचा जन्म ॲबर्डीनशायरमधील बेलहेल्वी या गावी झाला. त्यांचे वडील तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण घेतल्यानंतर १७९१ मध्ये, वडिलांच्या पश्चात, फोर्सिथ त्याच चर्चचे धर्मोपदेशक झाले व अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. रसायनशास्त्र, यंत्रकाम आणि पाणपक्ष्यांची शिकार हे त्यांचे छंद होते.

त्या काळी चकमकीच्या बंदुका प्रचारात होत्या. चाप ओढला की घोड्यात बसवलेली गारगोटी पोलादावर आपटे, ठिणगी बाहेरच्या पात्रातील रंजकावर पडे आणि तेथील जाळ कान्यातून नळीतील दारूपर्यंत पोहोचे. या क्रियेत दोन उणिवा होत्या. रंजकाचा भपका दिसताच पक्षी सावध होत आणि पावसात रंजक भिजले की बार उडतच नसे. फोर्सिथ यांनी या दोन्हींवर उपाय शोधण्यास आरंभ केला.

आघात-प्रज्वलनाचा शोध

पोटॅशियम क्लोरेट हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले यांच्या संशोधनामुळे आणि पाऱ्याचे फल्मिनेट हे १८०० मध्ये एडवर्ड हॉवर्ड यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे ज्ञात झाले होते. ही द्रव्ये मुख्य दारूच्या जागी वापरणे अतिशय धोक्याचे होते. फोर्सिथ यांनी मुख्य दारू तशीच ठेवली आणि ती पेटवण्यापुरतेच अल्प प्रमाणात स्फोटक मिश्रण वापरले. पोटॅशियम क्लोरेटयुक्त मिश्रणाची चिमूट घोड्याच्या आघाताने फुटे व तिची ज्योत थेट नळीत शिरे. हे मिश्रण साठवणारी फिरती डबी अत्तराच्या कुपीसारखी दिसे, म्हणून तिला अत्तरकुपीचे नाव पडले.

१८०६ मध्ये ते आपली बंदूक घेऊन लंडनला गेले. शस्त्रास्त्र खात्याचे प्रमुख लॉर्ड मॉयरा यांनी त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये कार्यशाळा उपलब्ध करून दिली. १८०७ मध्ये मॉयरा यांच्या जागी लॉर्ड चॅटम आले आणि त्यांनी हे काम बंद करून फोर्सिथ यांना टॉवर सोडण्यास सांगितले. नेपोलियनने या शोधासाठी २०,००० पौंड देऊ केले व फोर्सिथ यांनी ते नाकारले, असे सांगितले जाते.

एकस्व व व्यवसाय

११ एप्रिल १८०७ रोजी फोर्सिथ यांना एकस्व मिळाले. त्याचा मसुदा तयार करण्यास जेम्स वॅट यांचे साहाय्य झाले होते. पुढील वर्षी लंडनच्या पिकॅडिली भागात त्यांच्या नावाने बंदुकांची पेढी सुरू झाली. पुढे नामांकित बंदूककार झालेले जेम्स पर्डी हे काही काळ तेथे काम करत होते. जोसेफ मँटन यांच्यासारख्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध न्यायालयात जाऊन फोर्सिथ यांनी आपला हक्क राखला. १८२१ मध्ये एकस्वाची मुदत संपली. दरम्यान स्फोटक मिश्रण तांब्याच्या छोट्या टोपीत भरण्याची सोपी रीत पुढे आली होती. तिच्या श्रेयावर अनेकांनी हक्क सांगितला आहे.

लष्करी स्वीकार

१८३४ मध्ये वुलिच येथे दोन्ही पद्धतींच्या बंदुकांतून प्रत्येकी ६,००० बार काढून पाहण्यात आले. चकमकीच्या बंदुकीचे ९२२ बार फुकट गेले, तर टोपीच्या बंदुकीचे केवळ ३६. त्यानंतर ब्रिटिश सैन्याने टोपीची बंदूक स्वीकारली. मे १८४१ मध्ये चीनमधील कँटनजवळ ३७ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी मुसळधार पावसात वेढली गेली. शिपायांच्या चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या होत्या. टोपीच्या बंदुका असलेल्या नौसैनिकांनी येऊन त्यांची सुटका केली.

१८४२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने फोर्सिथ यांना २०० पौंड मंजूर केले. पुढल्याच वर्षी ते निवर्तले. त्यानंतर मंजूर झालेले १,००० पौंड त्यांच्या नातलगांत वाटण्यात आले.

गंजकारक प्रायमर

फोर्सिथ यांनी वापरलेले पोटॅशियम क्लोरेट पुढे लष्करी प्रायमरमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, काही देशांत त्यानंतरही, टिकून राहिले. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते. खाण्याच्या मिठासारखा हा क्षार नळीत बसतो, हवेतील ओलावा ओढतो आणि पोलाद गंजवतो. दमट हवेत एका रात्रीतही गंज दिसू लागतो. पाऱ्याच्या फल्मिनेटचा दोष वेगळा आहे : त्यातील पारा काडतुसाचे पितळ ठिसूळ करतो, त्यामुळे अशी कोशिका पुन्हा भरण्यास योग्य राहत नाही.

हा क्षार तेलात विरघळत नाही. तेल लावलेल्या नळीतही तेलाच्या थराखाली गंज वाढतो, हे अमेरिकेच्या खाण विभागातील रसायनशास्त्रज्ञ विल्बर्ट हफ यांनी दाखवून दिले. क्षार पाण्यात मात्र सहज विरघळतो. म्हणून ब्रिटिश सैन्यात नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतून, ती पूर्ण कोरडी करून मग तेल लावण्याची पद्धत होती. बोल्टचे तोंड आणि स्वयंभरण रायफलीतील वायूचे भागही असेच धुवावे लागतात.

जुने काडतूस ओळखण्याची सुरुवात त्याच्या बुडावरील ठशांपासून होते. त्यात निर्मात्याची खूण व बहुधा वर्षाचे अंक असतात. पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यात बनलेल्या .३०३ काडतुसांवर ‘के’ व ‘एफ’ ही रोमन अक्षरे आढळतात. प्रायमरभोवतीच्या लाखेच्या रंगावरून गोळीचा प्रकार कळतो. प्रायमर गंजकारक आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी निर्माता, वर्ष आणि मूळ खोक्यावरील मजकूर एकत्र पाहावा लागतो. खात्री होत नसेल तर काडतूस गंजकारकच समजून हत्यार धुणे इष्ट मानले जाते. १९२० च्या दशकात जर्मनीत लेड स्टिफनेटवर आधारित, क्लोरेटरहित सिनॉक्सिड प्रायमर तयार झाला आणि अशा मिश्रणांचा प्रसार होत गेला.

स्मारके

ॲबर्डीनचे किंग्ज कॉलेज आणि टॉवर ऑफ लंडन येथे फोर्सिथ यांचे स्मृतिफलक आहेत. टॉवरमधील कार्यशाळा त्यांना १८०७ मध्ये सोडावी लागली होती.