विश्लेषण : मदतीला अट घालणाऱ्या पश्चिम जर्मनीला न्येरेरे यांनी काय उत्तर दिले?

बुटियामा गावात १९२२ मध्ये जन्मलेले, एडिंबरा येथे शिकलेले शिक्षक ज्युलियस न्येरेरे टांगानिकाचे नेते झाले. एप्रिल १९६४ मध्ये टांगानिका आणि झांझिबार एकत्र आले, तोच टांझानिया. त्यातून पेच उभा राहिला. झांझिबारने पूर्व जर्मनीला आधीच मान्यता दिली होती, तर अशी मान्यता देणाऱ्या देशाशी संबंध ठेवायचे नाहीत, हे पश्चिम जर्मनीचे धोरण होते. न्येरेरे यांनी मधला मार्ग काढला. पूर्व जर्मनीला पूर्ण मान्यता नाही, दूतावासाऐवजी केवळ वाणिज्य दूतावास. बॉनला तेही रुचले नाही. फेब्रुवारी १९६५ मध्ये हवाई दलाच्या प्रशिक्षणासह लष्करी मदत थांबवण्यात आली. त्यावर उरलेली मदतही परत न्या, असे न्येरेरे यांनी कळवले. पहिल्या महायुद्धापर्यंत टांगानिका ही जर्मनीचीच वसाहत होती, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

डिसेंबरमध्ये ऱ्होडेशियाच्या प्रश्नावर त्यांनी ब्रिटनशीही संबंध तोडले; त्यात ७५ लाख पौंडांचे कर्ज गेले. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यात स्वावलंबनाची घोषणा झाली. प्रत्यक्षात स्वीडनसह नॉर्डिक देशांची मदत वाढतच गेली. न्येरेरे १९८५ मध्ये पायउतार झाले आणि पुढच्याच वर्षी टांझानियाने नाणेनिधीच्या अटी स्वीकारल्या.